आधी पेपर, मग पेटंट? क्रम उलटा आहे

बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत एक समज घट्ट बसलाय: शोधाचा पेपर (शोधनिबंध) छापला तरी पेटंटला वर्षभर सवड असते. तशी मोकळी सवड अमेरिकेत आहे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यातली कलम ३१ ची १२ महिन्यांची सूट फार अरुंद: सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध, असं मोजकंच. यूट्यूबवरचा व्हिडिओ त्यात बसत नाही.

खानापूरच्या एका पोराने काजू फोडायच्या यंत्राच्या पात्याचा कोन जवळून दाखवणारा व्हिडिओ आधीच टाकला होता. बघून जीव हळहळला: अर्जाआधीच शोध असा उघड झाला की पेटंट हातचं जाऊ शकतं. पोरांनो, आधी विद्यापीठाच्या आयपी सेलला, म्हणजे बौद्धिक संपदा कक्षाला, कळवा, पेटंटचा तात्पुरता (प्रोव्हिजनल) अर्ज भरा. पूर्ण तपशिलासाठी पुढे १२ महिने मिळतात. कंपनीवाल्यांना यंत्र दाखवायचंय? आधी गोपनीयतेच्या करारावर सही घ्या.