लोह दिलं, पण पोचलं का?

‘लोकांना लोह कमी पडतंय ना? मग पिठात मिसळा, गोळ्या वाटा, झालं!’ राष्ट्रीय पोषण धोरणाचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. या भरवशाचं मूळ आयोडीनच्या यशात आहे. स्वित्झर्लंडने १९२२ साली आयोडीनयुक्त मीठ आणलं आणि तिथला गलगंड हटत गेला. मात्र जादा आयोडीन लघवीवाटे निघून जातं. लोहाचं तसं नाही.

आपल्या शरीरात लोह असतं जेमतेम ३-४ ग्रॅम. रोज १-२ मिलिग्रॅम झडतं, पण जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. त्यामुळे सगळा बंदोबस्त आत घेण्याच्या दाराशी! आतड्याच्या अस्तरातली पेशी अन्नातलं लोह उचलते आणि फेरोपोर्टिन नावाच्या प्रथिनातून रक्तात सोडते. यकृतातून येणारं हेप्सिडिन हे संप्रेरक या फेरोपोर्टिनला चिकटलं, की पेशी ते दारच आत ओढून मोडून टाकते. लोह पेशीत अडकतं, आणि तीन-चार दिवसांत पेशी झडली की तिच्याबरोबर शौचावाटे जातं. किती देखणी रचना आहे ही!

हेप्सिडिन वाढतं कधी? लोहाचा साठा भरला की, लोहाची मोठी मात्रा घेतली की (म्हणूनच गोळी दिवसाआड घेतली तर तिच्यातलं लोह जास्त शोषलं जातं), आणि संसर्ग झाला की. बहुतेक जंतूंना वाढायला लोह लागतं, म्हणून इंटरल्यूकिन-६ या, संसर्गाची वर्दी देणाऱ्या प्रथिनाचा निरोप मिळताच यकृत त्यांची रसद तोडतं. सतत ताप-जुलाबाने आजारी असणाऱ्या मुलाने गोळी गिळली, वहीत खूण झाली, तरी दार बंदच. उलट अपायही होऊ शकतो. टांझानियातल्या पेम्बा बेटावर, मलेरियाच्या पट्ट्यात, लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा गंभीर आजारी पडणारी वा दगावणारी मुलं वाढली आणि प्रयोगातला तो भाग थांबवावा लागला. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. मलेरियावर नीट उपचार होतात तिथे हा धोका दिसत नाही. म्हणजे स्वच्छ पाणी, शौचालयं आणि मच्छरदाण्या ही लोहाच्या धोरणातलीच कलमं आहेत, पण ती सहसा दुसऱ्याच खात्याकडे असतात.

 

मोजणीतही हाच घोळ आहे. लोहाचा साठा आपण रक्तातल्या फेरिटिनवरून (लोह साठवणाऱ्या प्रथिनावरून) ओळखतो, आणि संसर्गात फेरिटिन आपोआप वाढतं. त्यामुळे त्याच नमुन्यात सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे संसर्गाची खूण सांगणारं प्रथिनही तपासावं लागतं. ही चाचणी वगळली, तर लोहाची कमतरता असलेलं आजारी मूल पाहणीत ‘साठा पुरेसा’ या रकान्यात जाऊन बसतं.