छोट्या बोर्डावरच्या लिनक्सची पार्श्वभूमी

लिनस टॉरवल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या लिनक्स कर्नलची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, पहिली घोषणा केली, तेव्हाच सांगून टाकलं होतं की तो इंटेलचा ३८६ प्रोसेसर सोडून दुसरीकडे चालण्यासारखा नाही. तरी १९९४ मध्ये रसेल किंग यांनी तो एआरएम या वेगळ्या जातीच्या प्रोसेसरवर न्यायला घेतला. १९९५ मध्ये ब्रूस पेरेन्स यांनी बिझीबॉक्स लिहिलं, तेही डेबियन या लिनक्स वितरणाच्या, संगणक सुरू करायच्या बूट फ्लॉपीत जागा पुरावी म्हणून. एलएस, सीपी, माउंट अशा कितीतरी कमांड एकाच बायनरीत, म्हणजे चालवायच्या एकाच फाइलीत. १९९८ मध्ये यूसीलिनक्स हे लिनक्सचं रूप आलं आणि एमएमयू (मेमरीची वाटणी सांभाळणारा भाग) नसलेल्या प्रोसेसरचीही सोय झाली.

घराघरांत लिनक्स शिरलं ते राउटरमधून. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स आहे हे २००३ मध्ये उघड झालं. जीपीएल या लिनक्सच्या परवान्यामुळे कंपनीला सोर्स कोड द्यावा लागला आणि त्यातूनच २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं खुलं लिनक्स सुरू झालं. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये जेमतेम ४ एमबी फ्लॅश आणि १६ एमबी रॅम होती! परवान्यातल्या एका अटीने केवढं काम केलं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

पण माझ्या मते खरी अडचण मेमरीची नव्हतीच. पीसीत बायोस (सुरुवातीला हार्डवेअर तयार करणारा प्रोग्राम) असतो, पीसीआय बसवर, म्हणजे कार्डं जोडायच्या मार्गावर, काय जोडलंय ते कर्नल स्वतः विचारून घेतो. एआरएम बोर्डावर असं विचारायला कुणी नाही. यूआर्ट (सिरियल पोर्टचा भाग) कुठल्या पत्त्यावर, इंटरप्ट (उपकरणाची प्रोसेसरला हाक) कितवा, एलईडी कुठल्या पिनवर, हे सगळं कुणीतरी आधी सांगावं लागतं. पूर्वी ते प्रत्येक बोर्डासाठी वेगळ्या सी फाइलमध्ये लिहीत. बोर्ड वाढले तशा फाइली वाढल्या, आणि २०११ मध्ये टॉरवल्ड्स यांनी या पसाऱ्यावर जाहीर संताप व्यक्त केला.

उपाय जुनाच होता. ओपन फर्मवेअर या जुन्या बूट-व्यवस्थेतून आलेला डिव्हाइस ट्री, म्हणजे हार्डवेअरची झाडासारखी मांडलेली यादी, पॉवरपीसी या दुसऱ्या प्रोसेसरवर आधीपासून वापरात होता, तो एआरएमनेही घेतला. आता हार्डवेअरचं वर्णन वेगळ्या डीटीएस (डिव्हाइस ट्री सोर्स) फाइलमध्ये असतं. त्यातल्या ‘कंपॅटिबल’ या ओळीवरून कर्नल योग्य ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) शोधतो, आणि बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्राम), बहुतेकदा यू-बूट, त्या फाइलचं कंपाइल केलेलं रूप कर्नलच्या हाती देतो. डिसेंबर २०१२ च्या ३.७ आवृत्तीपासून वेगवेगळ्या एआरएम चिपसाठी एकच कर्नल बांधता येऊ लागला.

त्याच वर्षी २९ फेब्रुवारीला रास्पबेरी पाय हा छोटा एआरएम बोर्ड विक्रीला आला होता. त्यानंतर असे बोर्ड भराभर निघाले. त्यांतल्या ज्यांचा कोड मूळ कर्नलमध्ये गेला नाही, ते मात्र उत्पादकाने दिलेल्या जुन्या कर्नलवरच अडकून पडले.