निळ्या दिव्याखालचा ट्रे

जूनमध्ये पहिला दमदार पाऊस झाला की नाशिकच्या गंगापूर रोडवरील बंगल्यांच्या अंगणांत आणि हॉटेलांच्या हिरवळीवर टांगलेले निळे दिवे रात्रभर चटचटत राहतात. प्रत्येक 'चट्' म्हणजे एक डास कमी झाला, असे आपण धरून चालतो. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्या अंगणातील दिव्याचा ट्रे मी जुन्या वर्तमानपत्रावर पालथा केला आणि भिंग घेऊन बसलो. वाळवीच्या गळालेल्या पंखांचा ढीग, तपकिरी भुंगेरे, पतंग आणि जाळीदार पंखांचा एक हिरवा क्रायसोपा. डासांसारखे दिसणारे सात-आठ किडेही होते. पण भिंगाखाली त्यांची लांब सोंड दिसेना. पाण्यात वाढणारे आणि कोणालाही न चावणारे ते कायरोनोमिड होते.

या दिव्याची नळी सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे अतिनील किरण सोडते. नळीभोवतीच्या तारांमध्ये काही हजार व्होल्टचा दाब असतो आणि दोन तारांमधील फट किड्याच्या शरीराने सांधली गेली की ठिणगी पडते. प्रकाशाकडे झेपावणाऱ्या किड्यांसाठी हे यंत्र चोख आहे. रक्त पिणारी डासाची मादी मात्र प्रामुख्याने आपल्या श्वासातील कार्बन डायऑक्साइडचा माग काढत येते आणि जवळ आल्यावर घामाचा वास व अंगाची ऊब ओळखते. त्यामुळे दिव्याखाली खुर्ची टाकून बसलेला माणूसच तिला दिव्यापेक्षा अधिक आकर्षक वाटतो.

अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या टिमोथी फ्रिक आणि डग्लस टॅलमी यांनी घरांच्या अंगणांतील अशा दिव्यांनी मारलेले किडे मोजून १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण १३,७८९ किड्यांपैकी चावणारे केवळ ३१ निघाले; उलट इतर किडींवर जगणारे उपयुक्त कीटक शेकड्यांनी मेले होते. द्राक्षबागांच्या या जिल्ह्यात ही बाब अधिक बोचते, कारण क्रायसोपाच्या अळ्या मावा, फुलकिडे आणि पिठ्या ढेकणाची पिल्ले फस्त करतात.

शेतातील प्रकाश सापळ्याची गोष्ट वेगळी आहे. पिकांची मुळे खाणाऱ्या हुमणी या किडीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघून कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. ते प्रकाशाकडे खरोखरच येतात, म्हणून त्या मोजक्या दिवसांत संध्याकाळी दोन-तीन तास दिवा लावून त्याखाली रॉकेल मिसळलेले पाणी ठेवले तर उपयोग होतो. रात्रभर आणि वर्षभर दिवा जाळण्याची गरज नसते.

ठिणगीने किड्याच्या चिंधड्या उडतात आणि त्यांच्यासोबत जंतूही हवेत पसरतात, तेव्हा मिसळीच्या टेबलावर तरी हा दिवा टांगू नये. बसायच्या जागी साधा पंखा बरा, कारण डास कमजोर उडणारा असतो आणि वाऱ्याने श्वासाचा मागही विस्कटतो. डेंग्यू पसरवणारा एडिस तर मुख्यतः दिवसा चावतो, जेव्हा हा दिवा बंद असतो. पोषक हवामानात अंड्यापासून डास तयार व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा साठलेले पाणी रिकामे करण्याचा आग्रह त्यासाठीच असतो.

त्या सकाळी ट्रे झाडून उठलो, तेव्हा बरोबर दिव्याखालच्या तुळशीच्या कुंडीच्या ताटलीतील पाण्यात अळ्या वळवळत होत्या. ते पाणी फरशीवर उन्हात ओतून द्यायला अर्धा मिनिटही लागला नाही.