गोल्ड सूक, दुबई : खरेदी आणि घासाघीस

दुबई खाडीच्या देरा बाजूला, लाकडी छताखालच्या गल्ल्यांत पसरलेला दागिन्यांचा पारंपरिक बाजार. बर दुबईहून आब्रा होडीने खाडी ओलांडली की मसाल्यांच्या सूकमधून इथे चालत येता येते. व्यवहार बहुतेक हिंदीतच होतात, त्यामुळे मराठी गिऱ्हाइकाला भाषेची अडचण येत नाही.

मसाल्यांच्या बाजारात केशराचा सांगितलेला भाव ही बोलणीची सुरुवात असते. सोन्याचे तसे नाही. दर ग्रॅमचा भाव कॅरटनुसार फलकावर झळकतो, आंतरराष्ट्रीय बाजाराप्रमाणे दिवसभरात बदलतो आणि त्यावर कोणी हुज्जत घालत नाही. घासाघीस होते ती घडणावळीवर. म्हणूनच दुकानदार ‘सगळे मिळून अमुक दिरहम’ म्हणाला, तर तिथेच थांबवावे. दागिना काट्यावर ठेवायला सांगावा, खडे आणि पोकळ दागिन्यात भरलेली लाख वजा करून निव्वळ वजन घ्यावे, त्याला फलकावरच्या भावाने गुणावे. वर उरते ती घडणावळ; खडे असतील तर त्यांची किंमतही त्यातच असते. फक्त सांगितलेल्या रकमेत ५ टक्के व्हॅट धरला आहे का, हे आधी विचारावे.

समजा, २० ग्रॅमच्या साखळीला ग्रॅममागे २५ दिरहम घडणावळ सांगितली आणि १५ वर सौदा ठरला, तर २०० दिरहम वाचतात, शिवाय त्यावरचा १० दिरहम व्हॅटही. मशीनच्या साखळ्या आणि साध्या बांगड्यांची घडणावळ मुळातच कमी असते. नाजूक तारकामाची किंवा खड्यांच्या कामाची चांगलीच जास्त. दोन-तीन नग एकाच बिलात घेतले किंवा रोख दिले तर दुकानदार आणखी उतरतो. मात्र आपण सांगितलेला आकडा त्याने मान्य केल्यावर मागे फिरणे इथे वाईट दिसते. मोडीत घडणावळ परत मिळत नाही, म्हणून मोडण्याच्या हिशेबाने घ्यायचे असेल तर साधी घडणच बरी.

२२ कॅरटवर ९१६, २१ वर ८७५, १८ वर ७५० असा शिक्का असतो. अरब गिऱ्हाईक २१ कॅरट पुष्कळ घेते, आपल्याकडचे २२. बिलावर कॅरट, निव्वळ वजन, भाव, घडणावळ आणि व्हॅट वेगवेगळे लिहून घ्यावेत. पर्यटकाला व्हॅटचा मोठा भाग परत मिळतो, पण त्यासाठी बिल करतानाच पासपोर्ट दाखवावा लागतो आणि विमानतळावर सामान देण्याआधी पडताळणी करून घ्यावी लागते. दागिने चेक-इनच्या बॅगेत गेले की ते दाखवता येत नाहीत आणि परतावा अडतो.