उंच केशरचनांवरील व्यंगचित्रे (लंडन, १७७०चे दशक)

इंग्लंडमधील उच्चभ्रू स्त्रियांच्या उंच केशरचनेची खिल्ली उडवणारी, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली चित्रे. १७७६-७७ मध्ये त्यांना विशेष बहर आला.

ही रचना फ्रेंच वळणाची होती. लोकर किंवा घोड्याचे केस भरलेल्या गादीवर स्वतःचे केस चढवत, गरज पडल्यास गंगावन मिसळत. मग चरबीचे पोमेड चोपडून वर स्टार्चची पूड उडवत. एवढा खटाटोप रोज करणे शक्य नसल्याने रचना अनेक दिवस तशीच ठेवली जाई. डेव्हनशरची डचेस जॉर्जियाना हिने त्यात शहामृगाच्या लांब पिसांची भर घातली आणि डोक्याची उंची आणखी वाढली.

स्ट्रँड रस्त्यावरील मॅथ्यू आणि मेरी डार्ली या दांपत्याचे दुकान अशा चित्रांचे मोठे केंद्र होते. १७७६च्या त्यांच्या एका चित्रात बंकर हिलची लढाई एका स्त्रीच्या केसांवरच मांडली आहे: बुरूज, तोफा, तंबू, निशाणे, सैनिक. आदल्याच वर्षी बॉस्टनजवळ झालेल्या या लढाईत इंग्रजांची मोठी हानी झाली होती, म्हणून हे चित्र जितके फॅशनवर आहे तितकेच अमेरिकेतील युद्धावरही आहे. १७७७च्या दुसऱ्या एका चित्रात डोक्यावर अख्खी फुलबाग आहे.

पुरुषांनी स्त्रियांची केलेली टवाळी, एवढेच या चित्रांचे वर्णन अन्यायाचे होईल. मेरी स्वतः चित्रे कोरत असे आणि १७६२ मध्ये तिने व्यंगचित्रकला शिकवणारे पुस्तक काढले होते. याच दुकानाने १७७०च्या दशकाच्या आरंभी ‘मॅकरोनी’ म्हटल्या जाणाऱ्या छानछोकी पुरुषांवरही चित्रांची मालिकाच काढली.

वेशभूषेचा पुरावा म्हणून मात्र ही चित्रे जपूनच वापरावीत. रेनल्ड्स आणि गेन्सबरो या त्या काळच्या इंग्रज चित्रकारांच्या व्यक्तिचित्रांत केस उंच आहेत, पण व्यंगचित्रांतल्यासारखे कमानीला अडकतील किंवा शिडी लावावी लागेल इतके नाहीत. अतिशयोक्तीवर तर ही चित्रे खपत. तरीही लोकप्रिय पुस्तके त्यांनाच त्या काळाचे हुबेहूब दर्शन मानून छापत आली आहेत, आणि त्या स्त्रियांच्या वाट्याला आलेली मूर्खपणाची ख्याती बरीचशी यातूनच आली आहे.

१७८०नंतर केशरचना बुटकी आणि रुंद झाली. चित्रकारांचा रोख मग कमरेमागे बांधायच्या फुगीर गाद्यांकडे वळला.