पोलिसांची जुनी जीप: कंडम निराळी, भंगार निराळं

वृद्धाश्रमाला गाडी हवी असा विषय निघाला की इंदूरच्या कुठल्याही मंडळात कोणीतरी म्हणतंच, "डीआरपी लाइनीत (जिल्हा राखीव पोलिसांच्या आवारात) कंडम जिपा सडताहेत, एखादी मागून घ्या." मग पोलीस आयुक्तांच्या नावाने अर्ज जातो, सोबत शिफारसपत्र, आणि महिनोन्‌महिने वाट बघणं. सरकारी मालमत्ता लिलावाने निघते, अर्जाने नाही. म्हणजे संस्थेने स्वतः बोली लावायची, नाहीतर एखाद्या दात्याने गाडी घेऊन संस्थेला द्यायची. इतपत बहुतेकांना ठाऊक असतं. ठाण्याच्या आवारातल्या जप्त आणि बेवारस गाड्यांचा लिलाव वेगळा, हेही. एमपी-०३ ची पाटी असेल तर गाडी खात्याची, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

घोळ होतो तो पुढे. 'कंडम' आणि 'भंगार' हे शब्द लोक एकाच अर्थाने वापरतात, आणि तिथेच पैसे बुडतात.

कंडम करणं हा खात्याचा अंतर्गत हिशेब. किलोमीटर भरले, दुरुस्तीचा खर्च परवडेना, समितीने गाडी पाहिली आणि यादीतून कमी केली. आरटीओच्या नोंदीत तेवढ्याने काहीच बदलत नाही. माणूस पेन्शनीत निघाला म्हणून कोणी त्याचा मृत्यूचा दाखला काढत नाही, तसंच हे. अकरा वर्षांची कंडम बोलेरो कागदावर चांगली जिवंत असू शकते.

भंगार म्हणजे नोंदणीच संपलेली गाडी. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या गाडीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं झाली की आपोआप संपते, नूतनीकरण नाही. कायदा-सुव्यवस्थेच्या प्रत्यक्ष कामातल्या चिलखती आणि तत्सम खास गाड्या तेवढ्या यातून सुटल्या आहेत, ठाण्याची साधी जीप नाही. अशी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्राकडेच जाते. इंजिन कितीही गोड वाजो, ती पुन्हा रस्त्यावर येणार नाही. दिल्लीतला डिझेलचा दहा वर्षांचा नियम इथे ओढून आणू नका. तो आपल्याकडे नाही.

म्हणून गाडीभोवती फेरी मारण्याआधी दोन गोष्टी बघा: आरसीवरची पहिल्या नोंदणीची तारीख, आणि लिलावाच्या अटींत गाडी आरसीसह विकताहेत की 'स्क्रॅप' म्हणून. उत्पादनाचं वर्ष कामाचं नाही. अटींत स्क्रॅप लिहिलं असेल तर गाडी नऊ वर्षांची असली तरी हात लावू नका. 'नंतर आरटीओत बघून घेऊ' हे वाक्य कबाड्याच्या तोंडी शोभतं, विश्वस्ताच्या नाही.

आरसीसह गाडी मिळाली तरी एक खड्डा उरतोच. गाडी आपल्या नावावर करायला ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत आरटीओत फॉर्म ३२ भरावा लागतो. नेहमीच्या खरेदी-विक्रीचे २९ आणि ३० इथे चालत नाहीत; ३२ खास लिलावातल्या गाडीसाठी आहे. सोबत आरसी, विमा, तुमच्या नावाचा विक्री कायम केल्याचा आदेश आणि लिलावाला मंजुरी देणाऱ्या सरकारी आदेशाची प्रमाणित प्रत. ही शेवटची प्रत लोक हमखास विसरतात. ती एमटी शाखेतून, म्हणजे पोलिसांच्या वाहन शाखेतून, ताब्याच्या दिवशीच घ्या.

हे टाळलं तर काय होतं? नोंदीत मालक मध्य प्रदेश शासनच राहतं. मार्च २०१३ मध्ये पहिली नोंदणी झालेली जीप तुम्ही २०२५ मध्ये घेतली आणि नाव बदललं नाही, तर मार्च २०२८ मध्ये सरकारी गाडी म्हणून तिची नोंदणी संपेल. तीच जीप वेळेत संस्थेच्या नावावर खासगी गाडी म्हणून चढली असती, तर तंदुरुस्ती तपासून फॉर्म २५ वर, म्हणजे नूतनीकरणाच्या अर्जावर, आणखी पाच वर्षं मिळवता आली असती. एका कागदाने एवढा फरक पडतो. याच कारणाने बोली संस्थेनेच, संस्थेच्या पॅनवर लावावी. दात्याने घेतली तर आधी ३२, मग २९ आणि ३०: दोन फेऱ्या, दोनदा शुल्क.

विम्याचंही तसंच. सरकारी कामाच्या गाडीला विम्याच्या सक्तीतून सूट असते, त्यामुळे जिपेबरोबर पॉलिसी येईलच असं नाही. निदान थर्ड पार्टी काढल्याशिवाय ती फाटकाबाहेर काढू नका.

गाडी 'जशी आहे, जिथे आहे' तत्त्वावर मिळते. चार्ज केलेली बॅटरी आणि ओळखीचा मिस्त्री सोबत न्या. पोलिसांची जीप तासन्‌तास जागेवर चालू उभी असते, तेव्हा मीटरवरच्या किलोमीटरांवरून इंजिनाची झीज कळत नाही. वायरलेस काढताना कापलेलं वायरिंग आणि डॅशबोर्डची भोकंही बघा. पट्टे, 'पोलीस' अक्षरं, दिवा, सायरन यांतलं काही उरलं असेल तर वापरण्याआधी उतरवा. बोलीच्या रकमेवर जीएसटी वेगळा, तोही हिशेबात धरा.

आणि कृपा करून तिची रुग्णवाहिका करू नका. रुग्णवाहिकेला स्वतःचं मानक आहे, एआयएस-१२५. बदलाला आरटीओची परवानगी, वर परिवहन वाहन म्हणून ठरावीक काळाने तंदुरुस्तीची तपासणी. जुन्या जिपेवर हा खर्च करणं वेडेपणा आहे. किराणा, औषधं, आजी-आजोबांना दवाखान्यात नेणं-आणणं, यासाठी ती उत्तम.

दात्यांचा एक हट्ट असतो: गाडीच देणार, आणि ८०-जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावतीही हवी. ती सवलत पैशाच्या देणगीला आहे, वस्तूच्या नाही. तेव्हा दात्याने तीच रक्कम चेकने संस्थेला द्यावी, पावती घ्यावी, आणि लिलावात संस्थेने उतरावं. रोखीने मात्र नको. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत मिळत नाही.