कानांना जिभा फुटतात तेव्हा

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके ।’ ही प्रतिज्ञा येते. मराठीचा गौरव सांगताना ती इतक्यांदा उद्धृत होते की तिच्या मागोमाग येणाऱ्या ओव्या वाचायच्या राहूनच जातात. माझ्या मते खरं नवल त्या ओव्यांत आहे.

ऐका रसाळपणाचिया लोभा । कीं श्रवणींचि होति जिभा ।
बोलें इंद्रियां लागे कळंभा । एकमेकां ॥

या बोलाच्या गोडीला लोभावून कानांनाच जिभा फुटतील आणि इंद्रियांचं आपसांत भांडण जुंपेल, असं ज्ञानेश्वर सांगतात. पुढच्या ओव्यांत ते भांडण चालू होतं. शब्द हा खरं तर कानाचा विषय, पण जीभ म्हणते की हा रस आमचा. नाकाला वाटतं, हा सुगंध असणार. डोळे म्हणतात, ही तर रूपाची खाणच उघडली. शेवटी शब्दाला मिठी मारायला हातही पुढे सरसावतात. हे इ.स. 1290 मधलं, म्हणजे शके 1212 मधलं मराठी आहे. प्रतींनुसार एखादं अक्षर इकडेतिकडे होतं, पण आशय तोच राहतो.

ही नुसती कवीची अतिशयोक्ती आहे का? मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांना गेल्या वीसेक वर्षांत जे दिसलं आहे, ते पाहता तसं म्हणून मोकळं होता येत नाही. 2006 मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी लोकांना एफएमआरआय यंत्रात, म्हणजे मेंदूचा कोणता भाग केव्हा सक्रिय होतो हे दाखवणाऱ्या यंत्रात, झोपवून काही शब्द वाचायला दिले. त्यांतले काही दालचिनी, लसूण यांच्यासारखे वासाशी घट्ट जोडलेले होते, तर काहींचा वासाशी संबंध नव्हता. यंत्रात कसलाही वास सोडलेला नव्हता. तरी वासाचे शब्द वाचताना मेंदूतला गंधाचं काम पाहणारा भाग अधिक सक्रिय झाला. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात असंच काहीसं स्पर्शाबाबत आढळलं. ‘दिवस वाईट गेला’ आणि ‘दिवस खडबडीत गेला’ या धर्तीच्या वाक्यांची तुलना केली, तेव्हा दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांना पृष्ठभागाचा पोत ओळखणाऱ्या भागाने प्रतिसाद दिला. हा प्रयोग अगदी थोड्या माणसांवर झाला होता, हेही सांगायला हवं. 2014 मध्ये जर्मन वाक्यांवर झालेल्या अभ्यासात ‘गोड’ या अर्थाची रूपकं वाचताना चवीशी निगडित भाग जागे झाले आणि त्यांच्यासोबत भावनेशी संबंधित असलेला अमिग्डालाही. साधा, रूपक नसलेला पर्याय वाचताना तितका प्रतिसाद मिळाला नाही.

म्हणजे जिभेचा शब्दावरचा दावा अगदीच निराधार नाही.

काही माणसांना शब्द ऐकताच तोंडात खरोखर चव जाणवते. या इंद्रियसंकराला इंग्रजीत सिनेस्थेशिया म्हणतात. ज्ञानेश्वरांना हा अनुभव असेल, असं मात्र या ओव्यांवरून ठरवता येत नाही. इंद्रियसंकर असलेल्या माणसाच्या जोड्या ठरलेल्या असतात, त्याच्या इच्छेवर अवलंबून नसतात आणि दुसऱ्या कुणाशी सहसा जुळत नाहीत. इथे तर एकाच बोलावर सगळीच इंद्रियं हक्क सांगतात, आणि तीही श्रोत्यांची. ही जाणूनबुजून केलेली रचना आहे.

त्या रचनेकडे जरा जवळून पाहू. स्टीफन उलमान या भाषाशास्त्रज्ञाने युरोपीय कवींच्या कवितांमधल्या अशा सरमिसळीच्या प्रतिमा गोळा केल्या, तेव्हा त्याला एक कल दिसला. गुण बहुतेक वेळा स्पर्श आणि चव यांच्याकडून निघतात आणि ध्वनी किंवा दृष्टीकडे जातात. सर्वांत जास्त देतो तो स्पर्श आणि सर्वांत जास्त घेतो तो ध्वनी. पुढे हिब्रू कवितेच्या अभ्यासातही हाच कल आढळला. आपल्या बोलण्यातही तो सापडतो. गोड आवाज, मऊ स्वर, उबदार रंग हे आपण सहज म्हणतो. ‘कर्कश चव’ किंवा ‘निळा स्पर्श’ म्हटलं की ऐकणारा थबकतो. कान आणि डोळे यांच्यात मात्र देवघेव दोन्ही बाजूंनी चालते.

आता ओव्या पुन्हा पाहा. घेणारा एकच आहे, बोल, म्हणजे ध्वनी. देणाऱ्यांत पहिला मान कोवळिकीचा, म्हणजे स्पर्शाचा: ‘जिये कोंवळिकेचेनि पाडें । दिसती नादींचे रंग थोडे ।’ त्यानंतर सुगंध, चव, रूप. आणि शेवट आलिंगनाने, म्हणजे पुन्हा स्पर्शानेच. उलमानने शेकडो उदाहरणांतून काढलेला कल इथे पाच-सहा ओव्यांत एकवटला आहे. ज्ञानेश्वरांना मेंदूविज्ञान ठाऊक होतं, असा याचा अर्थ कुणी काढू नये. त्यांचा कान भाषेला इतका जवळून लागलेला होता, एवढंच मला म्हणायचं आहे.

पण इंद्रियांना एवढं आमंत्रण कशासाठी? अध्याय आहे ध्यानयोगाचा, इंद्रियांना आवरण्याचा. त्याच्या दारातच इंद्रियांची ही जत्रा भरवण्यामागचा हेतू पुढच्या दोन-तीन ओव्यांत उलगडतो. बोलांची ताटं वाढून झाल्यावर ज्ञानेश्वर सांगतात, ‘जो इंद्रियांतें चोरूनि जेवी । तयासीचि फावे ॥’ इंद्रियांना चुकवून जो जेवेल, त्यालाच हे जेवण लाभेल. आणि लगेच: ‘येथ श्रवणाचेनि पांगें- । वीण श्रोतयां होआवें लागे ।’ कानावर अवलंबून न राहता श्रोता व्हायचं आणि हे मनानेच भोगायचं.

विज्ञानातला वादही नेमका इथेच येऊन ठेपला आहे. वासाच्या शब्दाने गंधाचा भाग जागा होतो, हे खरं. पण अर्थ कळण्यासाठी ते जागं होणं आवश्यक आहे, की अर्थ आधीच कळतो आणि जाग हा त्याचा नंतरचा पडसाद असतो? जन्मांध व्यक्तींवरचे अभ्यास इथे फार बोलके आहेत. अमेरिकेतल्या मरिना बेड्नी आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात, चकाकणं, लुकलुकणं, निरखणं या प्रकारच्या क्रियापदांमधले बारीक फरक जन्मांध लोकही डोळस लोकांसारखेच जाणतात, असं दिसलं. ज्यांनी प्रकाश कधी पाहिलाच नाही, त्यांनाही त्याच्या छटा भाषेतून कळल्या होत्या. म्हणजे इंद्रियं अर्थाला रंग देतात, पण अर्थ पूर्णपणे त्यांच्या ताब्यात नसतो.

याच अध्यायात सुमारे दोनशे ओव्यांनंतर कुंडलिनीचं वर्णन येतं. अनुभव पूर्णपणे आतला, डोळे अर्धे मिटलेले, आणि भाषा मात्र अशी: ‘नागिणीचें पिलें । कुंकुमें नाहलें । वळण घेऊनि आलें । सेजे जैसें ॥’ रंग, ओलावा, वळण सगळं हजर आहे. अध्याय हाताशी असेल तर चौदावी ते चोविसावी ओवी आणि पाठोपाठ ही ओवी एका बैठकीत मोठ्याने वाचून पाहा. ज्या इंद्रियांना चुकवून जेवायला सांगितलं, त्यांच्याच भाषेत कवीला पुढचं जेवण वाढावं लागतं आहे, हे तेव्हा चांगलं लक्षात येतं.